रिक्षा कर म्हणाले ते कोण?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला कीव यायची, आजही येते. तेव्हा हे वाचून कुणी मला अंगारे-धुपारे सुचवू नयेत.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. आम्ही घाटकोपर पश्चिमेला, भटवाडीतल्या चाळीत राहायचो. स्टेशनपासून पायी फार तर वीस मिनिटं. तरी लोक बसच्या रांगेत घाम पुसत तासन् तास उभे. आणि रिक्षातून येणाऱ्या बायका तर... हातात मेथीची एक जुडी आणि ऐट महाराणीची. मी आणि माझे सासरे, आम्ही दोघं चालणारे. "पाय काय पूजेक ठेवलेत?" असं ते रिक्षात बसणाऱ्याला तोंडावर विचारायचे. त्या दिवसांत ते घर शाकारायला कणकवलीला गेले होते.

एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन स्टेशनबाहेर पडले, तर रिक्षांच्या लाइनीशी सासरे उभे. तोच सदरा, तीच टोपी. म्हटलं, "बाबा, गावाहून कधी आलात?"

"आज रिक्षा कर. चलान जाव नको," एवढंच म्हणाले आणि गर्दीत शिरले. मी हाका मारल्या, पण ते दिसेनात. मला रागच आला. म्हाताऱ्याला ऊन बाधलं, दुसरं काय. पण त्यांच्या तोंडून रिक्षा ऐकून मी एवढी चक्रावले होते, की चरफडत बसले एकदाची.

घरी आले तर दार उघडं. नळाला पाणी आलेलं, शेजारणी सगळ्या खाली. नवरा सेकंड शिफ्टला. सासूबाई चक्कर येऊन स्टोव्हजवळ पडलेल्या, आणि लुगड्याचा पदर नुकताच पेटलेला... मी कळशी उचलून त्यांच्यावर ओतली. हात भाजला त्यांचा, पण जीव वाचला. चालत आले असते तर काय दिसलं असतं, हा विचार मला आजही सहन होत नाही.

आठवड्याने सासरे गावाहून आले. मधे ते कणकवली सोडून कुठेही गेले नव्हते. मी सगळं सांगितलं, तर नाक मुरडून म्हणाले, "रिक्षा कर म्हणान मिया सांगलंय? खुळावलंस काय गो?"

पलंगावरून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ते हे नसतले गो. पयल्या बाळंतपणाच्या कळा येताना हेंनी माका हॉस्पिटलात चलान नेल्यानी."

सासरे उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

स्टेशनवर भेटला तो कोण, ते मला अजून कळलेलं नाही. पण जो कोणी होता, त्याला सासूबाईंची काळजी त्यांच्या नवऱ्यापेक्षा जास्त होती.