फुरशाच्या विषामागे

साल एकोणीसशे चौसष्ट. कुडपणच्या कोंडाजी शेलारांची शकू पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. मुंबईत राहून तिने डॉक्टरेट मिळवली होती. फुरसं हा विषारी साप चावल्यावर माणसाचं रक्त गोठायचं का थांबतं, हा तिचा विषय. पण पुढचं संशोधन करायचं तर विद्यापीठात जागा हवी. वर्षभर तिने अर्ज धाडले. कुठे जागा नव्हती, कुठे बाई नको होती. गावातल्या बायका म्हणत, "एवढं शिकून मास्तरीणच ना गो झालीस?"

आणि एका दुपारी वर्गात तार आली. उद्या सकाळी पुण्याला मुलाखत! शकू खडू टाकून बाजारात वडिलांकडे पळाली. महाबळेश्वरची एसटी तर केव्हाच निघून गेली होती. बाजाराला उतरलेले कोंडाजी तसेच नाक्यावर धावले आणि हिरड्याची पोती भरलेला ट्रक त्यांनी हात आडवे करून थांबवला.

"लेकीला पुन्याला जायाचं हाय," ते ड्रायव्हरला म्हणाले. "घाटावर तरी सोड, बाबा!"

आंबेनळीच्या चढाला ट्रक कण्हत होता. पोत्यांना टेकून बसलेल्या शकूने वडिलांना विचारलं,

"आणि नाय झालं तर?"

"नाय झालं तर परत येऊ. घाट काय पळून जातोय?" कोंडाजी म्हणाले आणि मोठ्याने हसले. मग तीही हसली.

घाटावरून पुढच्या एसटीने दोघे पुण्याला पोचले. मुलाखतीत विभागप्रमुखांनी नेमकं अडचणीचं विचारलं. "या कामाला रुग्णांचं ताजं रक्त लागेल. पुण्यात बसून ते कसं मिळणार?"

"पुण्यात बसणारच नाही, सर! कापणी सुरू झाली की महाडच्या दवाखान्यात फुरसं चावलेली माणसं येतात. तिथे मला एक खोली मिळवून द्या. पहिल्या तपासण्या मी तिथेच करीन."

"आणि लग्न झाल्यावर?"

"नवराही महाडला येईल."

मुलाखत घेणारे तिघेही प्राध्यापक खो खो हसले. दोन वर्षांची जागा तिला तिथल्या तिथे मिळाली. बाहेर पायरीवर बसलेल्या कोंडाजींना तिने धावत येऊन सांगितलं. फेट्याच्या शेवाने ते नुसते डोळे पुसत राहिले.

कापणीला महाडच्या दवाखान्यामागे शकूची खोली उघडली. पहिली आली बनुबाई. भात कापताना हाताला फुरसं डसलं होतं. तिचं रक्त काचेच्या नळीत घेतलं, ते पाण्यासारखं पातळच राहिलं. डॉक्टरांनी सर्पविषावरची लस टोचली. शकू पुन्हा पुन्हा रक्त घेऊन पाहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ताज्या रक्ताची नळी आडवी केली, तर रक्त जागचं हललं नाही.

"गोठलं!" ती ओरडली.

खाटेवरची बनुबाई दचकली. "माझं रगत बघून नाचतेस काय गो?"

"तुम्ही वाचलात, मावशी!" शकू म्हणाली आणि नळी उंच धरून डॉक्टरांना दाखवायला पळाली.