वाढवलेले तीन इंच

रंजिता आडे आमच्या फुलसावंगीजवळच्या तांड्यावर राहते. वनरक्षकाच्या भरतीसाठी पळते. त्या भरतीत बायांना तीन किलोमीटर पळावं लागतं. जितकी लवकर पोचली, तितके गुण जास्त. मागच्या भरतीत ती पोचली, पण यादीत नाव लागण्याइतकी लवकर नाही. मग तिने हाताला बांधायचं एक स्वस्त घड्याळ घेतलं. तीन किलोमीटर झाले की ते मनगटावर थरथरायचं आणि ही थांबायची. घरी येऊन भाकरी, धुणं, मग दिवसभर कापसाची वेचणी. सकाळी सहा वाजताच तिच्या चेहऱ्यावर संध्याकाळ झालेली असते.

तिचे वडील शंकरसिंगकाका यांनी बजावून ठेवलं होतं की ही शेवटची भरती. दिग्रसचं स्थळ तयार होतं.

भरतीला महिना उरला असताना ती माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आली. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो, त्यामुळे नमस्कार वगैरे नाही.

"हे बिघडलं," तिने घड्याळ काउंटरवर टाकलं. "काल पहिल्यांदा महागावच्या मैदानात पळाली. साडेसात फेऱ्यांचे तीन किलोमीटर होतात. हे अर्धी फेरी आधीच थरथरलं."

"तुयी दया आली असन त्याले."

"हसाले दम नाई माह्यात. पाहून दे."

अशा घड्याळाला रस्ता दिसत नाही. ते हाताच्या झोक्यावरून पावलं मोजतं आणि पाऊल केवढं पडत असेल ते उंचीवरून ठरवतं. मी तिच्या फोनमधलं अ‍ॅप उघडलं. उंची पाच फूट तीन इंच. शाळेत प्रार्थनेला ही कायम पहिली उभी राहायची, बुटकी म्हणून.

"ही पोरगी कोन हाय?" मी विचारलं.

"बायोडाट्यात तेवढीच हाय."

"बायोडाटा पळते का?"

"पाहुण्यायसमोर इतक्या खेपा सांगितलं, मलेच खरं वाटाले लागलं."

दाराच्या चौकटीला उभं करून टेप लावला. बरोबर पाच फूट. भरतीत उंची मोजली होती, पण तिथल्या माणसाने 'चालते' म्हणून पुढे ढकललं; किती भरली ते हिने विचारलं नव्हतं. मी आकडा बदलला आणि सांगितलं, मैदानात एक फेरी पळ, पावलं मोज, चारशे मीटरला त्यांनी भाग, आलेलं माप अ‍ॅपमध्ये टाक. म्हणजे अंदाजाचं काम राहत नाही.

ती स्टुलावर बसली. "म्हंजे वर्षभर मी कमीच पळून राह्यली. टाइम सुधरलाच नाई."

माझ्याकडे एक विनोद तयार होता. तिच्याकडे पाहून गिळला.

दुसऱ्या दिवशी शंकरसिंगकाकांचा दुरुस्त केलेला फोन द्यायला तांड्यावर गेलो, तर बापलेकीचं जुंपलेलं. भांडण गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत होतं, मी मराठीत देतो.

"बापू, तीन इंच तुमी वाढवले. पळावं मले लागून राह्यलं."

"सगळेच वाढवतात. त्या पोराचा पगार काय खरा असन?"

"घड्याळात खरी उंची टाकली. आता दिग्रसलेही खरी सांगा."

"काहून? जुळलेलं मोडाले?"

"पाच फुटाची नको असन तर मोडू द्या."

काका माझ्याकडे वळले. "तूच केलं का हे?"

"काका, म्या फक्त टेप लावला."

तेवढ्यात रंजिताच्या आईने, जमनीकाकूंनी, माझ्या हातातला काकांचा फोन घेतला, दिग्रसला लावला आणि पोरीची खरी उंची सांगून टाकली. तिकडून 'विचार करून कळवतो' आलं. ते अजून विचारच करत आहेत.

रंजिता महिनाभर खरे तीन किलोमीटर पळाली. भरतीत मागच्यापेक्षा बऱ्या वेळेत पोचली. यादी लागली तेव्हा शेवटच्या नावापेक्षा तिचे गुण थोडेच कमी होते, पण तिचं नाव नव्हतं.

मीच तिला ते दुकानातल्या कॉम्प्युटरवर दाखवलं. सोबत काका होते. रडणं-बिडणं झालं नाही. काकांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, त्यांना वाचता येत नसूनही.

"पुढच्या भरतीले वय बसते का तुयं?"

"बसते."

"दिग्रसवाले तर काई बोलत नाईत," काका म्हणाले. "मंग पळ पुढच्या वर्षी. पन उद्या झोप. कापूस मी पाह्यतो."