पुढचा गडी

शेजारच्या सिंधूताई मला रोज संध्याकाळी चहाला बोलवत. मी काही त्यांचा लाडका नव्हतो. माझी फटफटी रोज त्यांच्याच फाटकापाशी थांबायची, म्हणून. आमचं घर दोन घरं अलीकडे. ब्रेक मी आमच्याच दाराशी मारायचो, पण गाडी आपल्या सवडीनं थांबायची. मग मी खाली उतरून तिला ढकलत मागं आणायचो आणि सारी नंदनवन वस्ती ओट्यावर बसून बघायची.

मी मधुसूदन, शाळेत आठवीला विज्ञान शिकवायचो. जडत्व हा माझा हातखंडा धडा. धावती बस थांबली की माणूस पुढं काहून झुकतो, असं विचारून मी पोट्ट्यांना बाकावर उभं करायचो. आणि याच मी, एकोणऐंशी साली सेकंडहँड राजदूत घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात लहानू मिस्त्रीकडं जाऊन तिच्या पुढच्या ब्रेकची वायर काढवून घेतली. ड्रॉइंगच्या कृष्णकांत सरांनी स्टाफरूममध्ये बजावलं होतं, ‘‘पुढचा ब्रेक दाबला का माणूस हँडलवरून थेट मेडिकलच्या दवाखान्यात!’’ कृष्णकांत सरांकडं साधी सायकलही नव्हती. पण मी जाणकाराचं ऐकलं.

लहानूनं विचारलं होतं, ‘‘सर, कंपनी दोन ब्रेक काहून देते मंग?’’

‘‘शोभेले,’’ मी म्हणालो.

वायर गेली, हँडलवरचा दांडा तेवढा राहिला. त्यावर मी भाजीची थैली टांगायला लागलो. मोठी सोय झाली.

माझे बाबा, धोंडबा, इतवारी बाजारात हातठेला ओढायचे. मालधक्क्यावरून भांड्यांच्या ओळीत, म्हणजे भांडेवाल्यांच्या गल्लीत, पितळेचे गुंड, पराती, हंडे पोचवायचे. पुढं दांडीत बाबा, मागं दोरी धरून रामाजी. तीस वर्षं हीच जोडी. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि त्याच आठवड्यात मला शाळेत घालून बाबा परत ठेल्यावर गेले. मी मास्तर झालो, तरी ते रोज इतवारीतून पायीच घरी येत. आता गुडघे बोलायला लागले होते. मेच्या एकतीस तारखेला ठेला सोडायचा, असं ठरलं होतं.

त्या दिवशी बाबांना फटफटीवर बसवून साऱ्या ओळीदेखत घरी आणायचं, एवढंच माझ्या मनात होतं. लोकांनी म्हणावं, पाहा, धोंडबाचा पोरगा! खरं सांगतो, त्यात बाबांच्या आरामापेक्षा माझा रुबाबच जास्त होता.

पण बाबा बसायला तयार नव्हते.

‘‘थांबवता येते का तुले?’’ त्यांनी विचारलं.

‘‘येते ना बाबा.’’

‘‘कोठी? सिंधूच्या घरी?’’

वच्छला, माझी बायको, भाकर थापता थापता सासऱ्यांच्या बाजूनं फिसकन हसली. ‘‘अजी, मामाजी बरोबर बोलून राहिले.’’

माझं डोकं सणकलं. ठेलेवाल्याला इंजिनातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो नाही, एवढंच पुण्य. तिथंच इतवारीत जाऊन गाडीवर माझा हात कसा बसला आहे ते त्यांना दाखवायचं, असा बेत मी केला. म्हणतात ना, घरात नाही दाणा अन् मला हवालदार म्हणा.

मेच्या मध्यावर, भर दुपारी, मी ऐटीत इतवारीत शिरलो. मालधक्क्याकडून ओळीत येताना थोडा उतार लागतो. त्या उतारावर पुढं एक ठेला चालला होता, गुंडांची उतरंड रचलेली. मागं दोरी ताणून रामाजी. म्हणजे पुढं बाबा! मी हॉर्न दिला. रामाजीनं वळून बघितलं. मी रुबाबात उजवा पाय दाबला.

मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी सुरेख घसरत निघाली. धुळीत तिला थांबायची काही घाई नव्हती. रामाजी मला ओळखून होता. त्यानं दोरी टाकली आणि बाजूच्या दुकानाच्या पायरीवर उडी मारली. दुसऱ्या क्षणाला मी बाबांच्या ठेल्याला मागून धडक दिली.

मागं दोरी सुटलेली, वरून माझा धक्का आणि समोर उतारावर रुखमाबाई काकड्यांची टोपली घेऊन बसलेली. माझ्या तोंडून फक्त ‘‘बाबाऽऽ’’ निघालं. बाबांनी मागं बघितलंसुद्धा नाही. पाठ दांडीला लावली, दोन्ही टाचा जमिनीत रोवल्या आणि सारा ठेला अंगावर घेतला. पाच-सहा पावलं घसरले असतील. रुखमाबाईच्या टोपलीपासून हातभर अंतरावर ठेला थांबला. गुंड मात्र थांबले नाहीत. ठणठण करत ते साऱ्या ओळीभर पसरले आणि एक माझ्या पायाशी येऊन बसला.

भांड्यांचे दुकानदार भैय्याजी गल्ल्यावरून ओरडत बाहेर आले. ‘‘कोण होय रे हा बैताड?’’

बाबांची एक टाच सोलून निघाली होती. रक्त येत होतं. दम घेत ते म्हणाले, ‘‘माहा पोरगा होय, भैय्याजी. सायन्स शिकवते.’’

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ज्या ओळीनं मला बघावं म्हणून मी मरत होतो, त्या ओळीनं मला पोटभर बघितलं. मी खाली बसून गुंड गोळा करायला लागलो.

संध्याकाळी बाबांच्या टाचेला मी हळद लावत होतो. वर बघायची हिंमत नव्हती.

‘‘ब्रेक मारला होता का गा?’’ बाबांनी विचारलं.

‘‘मारला होता. मागचा.’’

‘‘अन् पुढचा?’’

वच्छलानं चुलीपासूनच उत्तर दिलं. ‘‘त्याच्यावर वांगे टांगते ते, मामाजी.’’

बाबा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला नुसतं जवळ बसवलं. ‘‘आयक मधू. ठेला चालते तवा माल मागं रायते. थांबवाले गेलं का सारा माल पुढच्याच्या अंगावर येते. मंग थांबवन कोन? ज्याच्या अंगावर वजन आहे तो. मागच्याचे पाय तर तवा हलके होते, तो घसरतेच. रामाजीच्या भरोशावर मी तीस वर्सं ठेला थांबवला असता तं कवाचा मेलो असतो.’’

जडत्व! बारा वर्गांना मी ते शिकवलं होतं, पुस्तकातली बसची आकृती फळ्यावर काढून. त्या बसमध्ये मी स्वतः कधी बसलोच नव्हतो. इतकी लाज मला पहिल्या पगारापासून त्या दिवसापर्यंत कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लहानूनं वायर बसवून दिली. नुसता ‘‘शोभेले?’’ म्हणाला.

शाळेला सुट्टी होती, मैदान रिकामं. बाबा लंगडत आले आणि टाचेऐवजी काठीनं धुळीत रेघ ओढून निंबाखाली बसले. ‘‘आता या रेघीवर दाब.’’ मी आलो आणि पुढचा ब्रेक एकदम करकचून आवळला. हँडलही मी थोडं वाकडं धरलं होतं. कृष्णकांत सर म्हणाले होते तसंच झालं. गाडी आडवी आणि मी रेघेच्या पलीकडं चारी मुंड्या चीत.

‘‘असं झटक्यानं नाही, बापा!’’ बाबा कपाळावर हात मारून म्हणाले. ‘‘पहिले मागच्यानं दोरी धराची. मंग पुढच्यानं हळू पाय टेकवाचा. वजन अंगावर येऊ द्याचं, आलं का मंग जोर लावाचा. अन् दांडी सिधी पाहिजे. वाकड्या दांडीवर पाय रोवला तं ठेला उलथतेच.’’

दहा दिवस हाच वर्ग चालला. आठवीतल्या सर्वांत ढ पोट्ट्यालाही मी इतका वेळ दिला नव्हता. पावलं मोजून बघितली. नुसत्या मागच्या ब्रेकनं रेघेपासून बावीस पावलं जायची, दोन्ही मिळून दहा. आकडे फळ्यावर लिहायच्या लायकीचे होते, पण शोध बाबांचा होता.

एकतीस तारखेला मी इतवारीत गेलो तेव्हा बाबा धुतलेला सदरा घालून, दुपट्टा खांद्यावर टाकून तयार होते. सारी ओळ बघत होती. भैय्याजींनी आपले बाहेर मांडलेले हंडे हळूच आत घेतले, ते मी पाहिलं. बाबा मागं बसले. रामाजी म्हणाला, ‘‘धोंडबा, सांभाळून गा.’’ रुखमाबाईनं टोपली भिंतीकडं सरकवली.

ओळीतून निघालो आणि चौकाच्या अलीकडं एक बकरी आडवी आली. हँडल सरळ धरलं. मागचा दाबला, पुढचा हळूच, मग घट्ट. गाडी बकरीच्या बरीच अलीकडे उभी राहिली. आणि बाबांचं सारं वजन माझ्या पाठीवर आलं. छाती पाठीला, हनुवटी खांद्याला. केवढंसं ते वजन! मला वाटायचं माझे बाबा केवढे जड असतील. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मागून आवाज आला. ‘‘तीस वर्सं माल वाहिला गा मधू. आज पहिल्यांदा मीच माल झालो.’’ आणि बाबा मनापासून हसले.

घर आलं. गाडी बरोबर आमच्या दाराशी थांबली. दोन घरं पलीकडं फाटकात उभ्या सिंधूताई म्हणाल्या, ‘‘काहून जी मास्तर, आज चहा नको काय?’’ वच्छला दारात आली.

‘‘उतरा बाबा, घर आलं,’’ मी म्हणालो.

बाबा उतरले नाहीत. माझ्या खांद्यावरचा हातही काढला नाही.

‘‘बसू दे गा जरासा,’’ ते म्हणाले.

मी इंजिन बंद केलं, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि गाडी धरून तसाच उभा राहिलो.