मन्याच्या पासावरची आई

ट्रंककॉल शेजारच्या औषधाच्या दुकानात आला. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या दुकानांच्या ओळीत फोन त्यांच्याकडेच आहे. एरवी ते दुकानदार गल्ल्यावरूनच हाक मारतात. त्या दिवशी स्वतः उठून आले आणि मी एका गिऱ्हाइकाशी चादरीच्या भावावरून हुज्जत घालत होतो, तिथं पायरीवर गप्प उभे राहिले. तेव्हाच कळायला हवं होतं. फोनवर सुधा होती, माझ्या धाकट्या भावाची बायको. "अण्णा, हे गेले..." एवढंच बोलली. मग तिचा आवाज तुटला आणि पाठोपाठ लाइनही तुटली. मनोहर, आमचा मन्या, सत्तेचाळीस वर्षांचा होता. कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला, तो उठलाच नाही.

त्याला जाऊन सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाचं चांगलंच सांगावं अशी रीत आहे. पण फाटकी बाजू घडीच्या आत घालून चादर विकणारे व्यापारी मला कधी आवडले नाहीत. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

आम्ही मूळचे नातेपुत्याचे. वडील लवकर गेले. आई आम्हा दोघांना घेऊन सोलापूरला आली आणि एका मागवाल्याकडे कांड्या भरायला लागली. दिवसभर सूत गुंडाळायचं, रात्री बोटं तेलात बुडवायची. मी चौथीनंतर शाळा सोडली आणि चादरी खांद्यावर टाकून आठवड्याचे बाजार धरले. करकंबच्या बाजारात पहिली चादर विकली तेव्हा ती माझ्यापेक्षा लांब होती. मन्या मात्र शिकला. मी चालत होतो म्हणून तो बसून शिकला. मी उपकार मोजतोय असं कुणाला वाटलं तर वाटो. मॅट्रिक होऊन तो मुंबईला गेला आणि एका विमान कंपनीत चिकटला. आधी प्रवाशांच्या बॅगा उचलायला, मग दहा-बारा वर्षांनी काउंटरवर, टाय लावून.

काउंटरवर गेल्यावर पहिल्यांदा घरी आला तेव्हा जेवताना त्यानं पासाची गोष्ट सांगितली. नोकराला वर्षातून काही वेळा फुकट विमान. बायकोला, मुलांना, आणि त्याच्यावरच अवलंबून असलेल्या आईवडिलांना. पण एक मेख होती. तिकीट काढलेली माणसं बसून जागा उरली तरच बसायचं. तोवर बाकावर थांबायचं, बोलावलं तर जायचं, नाही बोलावलं तर गुमान घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. कपडे नीटनेटके, तोंड बंद. पासावरच्या माणसानं आवाज चढवला तर त्याचा जाब नोकराला.

"आन् माझं काय रं?" मी विचारलं.

"लग्न झालेला भाऊ बसत न्हाई नियमात, अण्णा."

"आन् आई?"

"आई तुझ्याकडं ऱ्हाती. तुझ्या जिवावर. माझ्यावर अवलंबून कुटं हाय ती?"

खरं सांगतो, मला ते ऐकून बरं वाटलं. विमान कंपनीच्या नियमानंसुद्धा आई माझीच होती. मी म्हणालो, "नियम आन् भाव, दोन्ही घासल्याशिवाय खाली येत न्हाईत. कुणाशी बोलायचं सांग, मी येतो." मन्या हसला नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "तेवढं करू नगंस."

पण मी केलं. चारेक वर्षांनी धंद्याच्या कामानं मुंबईला गेलो होतो, तेव्हा सांताक्रूझला त्याची कचेरी बघायला गेलो. तो काउंटरमागं उभा होता, केस चापून बसवलेले, बोलणं असं मऊ की मला ओळखूच येईना. दिल्लीचं विमान सुटायच्या बेतात होतं. मी नुसतं विचारलं, तर कळलं अकरा जागा रिकाम्या जाणार आहेत. माझं डोकं भणभणलं. बाजार उठताना उरलेली भाजीसुद्धा कुणी परत नेत नाही, येईल त्या भावाला देतो. आणि इथं अकरा जागा हवेत उडवायच्या? मन्याचा साहेब बाजूलाच उभा होता. मी त्याला म्हणालो, "साहेब, माझा भाऊ या जागेवर फुकट बसतो. मी निम्मं भाडं देतो. तुमचा फायदाच हाय की." साहेब इंग्रजीत काही पुटपुटला. मी म्हणालो, "बरं, निम्म्यावर रुपयामागं चार आणे आणखी." लोक वळून बघायला लागले. तो मला "प्लीज, प्लीज" म्हणत दाराकडं न्यायला लागला तसा माझाही आवाज चढला. माल माझ्या डोळ्यांदेखत वाया चालला होता, आणि वेडा मी ठरत होतो! मन्या काउंटरमागून बाहेर आला, माझा दंड धरला आणि मला टॅक्सीत बसवलं. पुढं सुधाकडून कळलं, त्याला लेखी ताकीद मिळाली आणि वर्षभराचे पास बंद झाले.

त्यानंतर आमच्या घरात विमान हा शब्द निघाला नाही. मन्या दिवाळीला यायचा, चादरीच्या गठ्ठ्यावर बसून चहा प्यायचा, मुंबईच्या पावसाचं बोलायचा, निघायचा. आई दर वर्षी श्रावणाच्या सुमारास महिनाभर त्याच्याकडं राहून यायची. मीच स्टेशनवर सोडायचो आणि मीच आणायला जायचो.

आता काशीचं सांगतो. आईला आयुष्यात एकच गोष्ट मागायची होती, ती तिनं कांड्या भरताना मागितली होती आणि मी दहा वर्षांचा असताना कबूल केली होती. मोठा झालो की तुला काशीला नेईन. मोठा झालो, दुकान झालं. मग लग्नसराई यायची, मग दिवाळीचा माल, मग मागवाल्यांचा संप, मग माझ्या मुलीचं लग्न. दर वर्षी म्हणायचो, "आई, ह्या मोसमानंतर नक्की." ती म्हणायची, "व्हय, नेशील की." आणि एका वर्षापासून म्हणायला लागली, "राहू दे रं नामा. गुडघं न्हाई चालत आता." मला वाटलं, थकली. मनाला फार लागलं. मी डॉक्टर बदलला, तेल आणलं, बाईला सांगून रोज चोळून घेतलं.

त्याच वर्षापासून तिनं सीताफळ खाणं सोडलं. सीताफळ म्हणजे तिचा जीव. बार्शीकडची डोळे उघडलेली, पिवळसर फळं मी घासाघीस करून करंडीभर आणायचो. ती पाटावर बसून एकेक गर चोखत बिया परातीत टाकायची, लहान मुलीसारखी. त्या वर्षी करंडी पुढं ठेवली तर म्हणाली, "नगं बाबा. बिया लई."

"आधी बिया नव्हत्या व्हय?" मी चिडलो. पुढच्या वर्षी पुन्हा आणली. तिनं शेजारी वाटून टाकली. मी तिला नको नको ते बोललो. एवढं आणतो, तुला किंमत नाही, असं म्हणालो... सहा मोसम हे चाललं.

मी आणि आई मुंबईला मन्याच्या घरीच होतो. तेराव्यानंतर सुधानं एक कागद माझ्यापुढं ठेवला. कंपनीनं दया म्हणून कुटुंबाला यावर्षीचे उरलेले पास एकदा वापरायची परवानगी दिली होती. सुधाला तिघींनी जाऊन अस्थी काशीला न्यायच्या होत्या: ती, तिची मुलगी आणि आई. मी गाडीनं पुढं जायचं आणि घाटावर भेटायचं. त्यासाठी मनोहरनं पूर्वी भरून दिलेली कुटुंबाची यादी बरोबर आहे, अशी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची सही हवी होती. सोबत ती यादीही जोडलेली होती. बायको. मुलगी. आणि तिसऱ्या ओळीत आमची आई: राहणार मुंबई, अर्जदाराजवळ, सर्वस्वी अर्जदारावर अवलंबून, इतर कुणाचाही आधार नाही. खाली शाईचा अंगठा. त्या अंगठ्यावर आडवा वण आहे, नातेपुत्याच्या शेतात खुरपं लागलं होतं त्याचा. मी तो वण लाखात ओळखेन. त्या अंगठ्यानं तिनं मला काजळ लावलेलं आहे.

मी आईकडं गेलो. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

"आई, हे तुझं हाय?"

तिला वाचता येत नाही, पण तिनं कागद ओळखला. "माझंच की."

"इमानात बसलीस तू?"

"बसले."

"कुटं गेलीस?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "काशीला."

काशीला गेलं की आपली सगळ्यात आवडीची एक गोष्ट तिथं सोडायची असते, पुन्हा तोंडाला लावायची नसते, हे आमच्याकडं पोराठोरांना ठाऊक आहे. मला सीताफळांच्या सहा करंड्या दिसल्या. ज्या बाईनं देवापुढं शब्द दिला होता, तिच्यापुढं मी दर वर्षी तेच फळ ठेवत होतो आणि वर शिव्या घालत होतो. आणि त्या दोघांनी मला ते करू दिलं.

मग ती सांगत गेली. ती आणि मन्या दोन दिवस विमानतळावर बाकावर बसून परत आले, जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी बोलावलं. सुधाची चांगली साडी नेसली होती. मन्यानं बजावलं होतं काही मागायचं नाही, म्हणून दिल्लीला विमान बदलेपर्यंत पाणीसुद्धा मागितलं नाही. "मन्या लांब बसला हुता, पुढं. सारखा मान वळवून बघायचा. मी हात करायची, बरी हाय म्हून."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू हापिसात जाऊन भांडला असतास. त्याची नोकरी गेली असती." मग म्हणाली, "आन् तू दर साली नेतो म्हणायचास. तुला कसं सांगू, मी जाऊन आले म्हून? तुझं तोंड बघवलं नसतं."

दोन दिवस तो कागद माझ्या खिशात होता. सुधा चहा ठेवताना कप आपटायला लागली. शेवटी आईच म्हणाली, "कर की सही. कागदाला काय कळतंय, जेवायला कुणी घातलं?"

"कागदालाच कळतं," मी म्हणालो. सही केली नाही. कागद खोटा होता म्हणून नव्हे, खोटे कागद मी धंद्यात पुष्कळ पाहिले आहेत. त्या कागदावर मला आई नव्हती, म्हणून. सुधानं तो अर्ज पाठवलाच नाही. आम्ही चौघं व्हीटीवरून गाडीनं निघालो, अस्थींचा कलश सुधाच्या मांडीवर. आई समोरच्या बाकावर खिडकीशी बसली होती. जे गुडघे सहा वर्षं चालत नव्हते ते जबलपूरला फलाटावर उतरून नळापर्यंत चालत गेले. मी बघितलं.

काशीला आमच्या भागातल्या लोकांचे ठरलेले पंडे आहेत. घराण्यातलं जो कुणी येईल त्याची नोंद ते वहीत उतरवून घेतात, आणि पिढ्यान्पिढ्या ती जपतात. विधी झाला. अस्थी पाण्यात गेल्या. पंड्यानं गाव विचारलं, लांबट वही काढली आणि पानं उलटत म्हणाला, तुमच्या घरचं मागंच कुणी येऊन गेलंय. वही माझ्याकडं फिरवली. मन्याचं अक्षर, डावीकडं कललेलं, शाळेत मास्तर ज्यासाठी त्याला छड्या मारायचे ते. लिहिलं होतं: मातुःश्रींसह आलो. मातुःश्री सोलापूर येथे थोरले बंधू नामदेव यांचेकडे असतात. त्यांचा सर्व सांभाळ तेच करतात. माझे शिक्षणही त्यांनीच केले.

मी ते तीनदा वाचलं. आईनं विचारलं, "काय लिव्हलंय?" मी म्हणालो, "नाव-गाव."

लोक म्हणतील, आता राग गेला असेल. नाही गेला. उलट वाढला. खोटं बोलायची वेळ आली तेव्हा तो कंपनीशी बोलला, ते मी समजू शकतो. पोटासाठी माणूस बोलतो. पण खरं बोलायची वेळ आली तेव्हा तो कुणापाशी बोलला? एका परक्या पंड्यापाशी, जो मला कधी भेटेल न भेटेल. तेच वाक्य घेऊन तो सहा दिवाळ्या माझ्यासमोर चहा पीत बसला, आणि पावसाचं बोलला.

मन्या, तू सांगायला हवं होतंस. मी भांडलो असतो, ते काही खोटं नाही. चार दिवस घर डोक्यावर घेतलं असतं, तुला नाही नाही ते बोललो असतो, आईशी अबोला धरला असता. पाचव्या दिवशी दशम्या बांधून तुम्हा दोघांना वाटेला लावायला मीच आलो असतो... आणि विमानतळावर, त्या बाकापाशी, तोंड बंद ठेवून उभा राहिलो असतो.