टाळी मी सांगेन तेव्हाच!

हसायचं असेल तर आधी हसून घ्या, म्हणजे मला सलग सांगता येईल. कारण हा घोटाळा मी अज्ञानातून केलेला नाही. अज्ञानातून काय, कोणीही करतो हो! मी हा रीतसर अभ्यास करून, वहीत टिपणं काढून, छाती पुढे काढून केला. भोपाळच्या मराठी मंडळींत आजही 'दातारांचा कंचेर्टो' एवढं म्हटलं की लोकांच्या कपातला चहा सांडतो.

दातार म्हणजे मीच. सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. मी 'ठीक' म्हटल्याशिवाय साधा नट गेटाबाहेर पडला नाही. निवृत्त झालो, कारखान्याजवळ इंद्रपुरीतच घर केलं, आणि तपासायला काही उरेना. चार दिवस पोळ्यांची जाडी तपासली. पाचव्या दिवशी बायकोने, म्हणजे सुनंदाने, मला हाताला धरून मराठी मंडळात नेलं आणि म्हणाली, "यांना काहीतरी काम द्या." त्यांनी मला कार्यक्रमप्रमुख केलं.

आता सायलीचं सांगतो. ही ढोबळ्यांची मुलगी. ढोबळे मूळचे नागपूरचे, सरकारी कचेरीत अधीक्षक, राहायला शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये. माणूस सरळ, पण फाईलसारखा. शेरा मारला की मारला. मुलगी व्हायोलिन वाजवते, तेही विलायती पद्धतीचं, उभं राहून, हनुवटीखाली धरून. भोपाळच्या टोकाला मिसरोदला एक परेरा सर आहेत, मूळ गोव्याचे, त्यांच्याकडे ती लहानपणापासून शिकली. तिला मुंबईच्या एका संगीतशाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं होतं. ढोबळ्यांना तिला बँकेच्या परीक्षेला बसवायचं होतं.

"दातार साहेब," ढोबळे मला म्हणाले, "पोरगी रोज चार तास ते वाजवून राहिली. मला त्यातलं काही समजत नाही, खोटं कशाला बोलू? पण लोकांना तरी समजते का? एकदा चार लोकांसमोर वाजवू द्या. लोकांनी दाद दिली तर जाऊ दे मुंबईले. नाही तर बँकेचा फॉर्म भरून तयार आहे."

मी म्हटलं, "ढोबळे, ही जबाबदारी माझी!"

सुनंदा तेव्हाच म्हणाली होती, "अहो, जबाबदारी घ्या, पण भाषण नका घेऊ." ऐकतोय कोण!

ठरलं असं, की मंडळाच्या सभागृहात सायली एक कंचेर्टो, म्हणजे एक मुख्य वादक आणि मागे वाद्यवृंद अशी मोठी विलायती रचना, वाजवणार. परेरा सरांची दहा-बारा मुलं मागे साथीला. आणि आपल्या लोकांना ते कळावं म्हणून सुरुवातीला मी अर्धा तास 'कंचेर्टोचा प्रवास' समजावून सांगणार. मी महिनाभर वाचलं. ऐकलं. बाथरूममध्ये ऐकलं. सायली दोनदा घरी आली, म्हणाली, "काका, एक बार सुन तो लो. मी पूर्ण वाजवून दाखवते ना, मग तुम्हाला आयडिया येईल."

मी म्हटलं, "बाळ, तू सरावाकडे लक्ष दे. सिद्धांत माझ्याकडे पक्का आहे."

मला खरी काळजी होती ती आमच्या लोकांची. आमची मंडळी टाळ्यांच्या बाबतीत फार उदार! गेल्या वर्षी भावगीतांच्या कार्यक्रमाआधी माइक तपासायला आलेला माणूस 'वन, टू, थ्री' म्हणाला, त्यालाही टाळ्या पडल्या. एकाने तर वन्स मोअर दिला. आणि विलायती संगीतातला नियम काय? कंचेर्टोचे तीन भाग असतात. एक भाग संपला की जरा थांबतात, पण तेव्हा टाळी वाजवायची नाही. तिसरा संपला की मगच. मध्येच टाळी वाजवणारा माणूस म्हणजे लग्नात मंगलाष्टक संपायच्या आधी अक्षता टाकून पंगतीकडे पळणारा! सायलीची नाचक्की व्हायची, ढोबळ्यांचा शेरा पडायचा. छे! माझ्या हाताखाली असं होणं शक्य नव्हतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. दोनशे माणूस सहज असेल. ढोबळ्यांचा पत्ता नाही, कचेरीत मीटिंग लांबली होती. म्हटलं येतील. मी माइक हातात घेतला.

आणि सांगतो, भाषण उत्तम झालं! हे शत्रूही कबूल करतात. मी म्हटलं, "मंडळी, कंचेर्टो सुरू झाला बरोक काळात, म्हणजे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी. तेव्हा एक छोटा गट आणि एक मोठा गट. छोट्याने म्हणायचं, मोठ्याने उचलायचं. आपल्या कीर्तनात बुवा म्हणतात आणि मागचे टाळकरी उचलतात, तसं." माना डोलल्या. "मग हळूहळू छोट्या गटातून एकटाच पुढे आला. नंतरच्या अभिजात काळात घडी बसली. तीन भाग. पहिला जलद, दुसरा संथ, तिसरा पुन्हा जलद. आधी सगळा वाद्यवृंद वाजवून घेणार, मग मुख्य वादक येणार. प्रमुख पाहुणे उशिराच येतात ना, तसं!" हशा. "आणि मध्येच सगळे थांबणार, एकटा वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवून आपली करामत दाखवणार. त्याला म्हणतात कडेन्झा."

"वा!" मागून कोणीतरी.

"मग आला रोमँटिक काळ. आता मुख्य वादक नायक झाला. तो एका बाजूला, अख्खा वाद्यवृंद दुसऱ्या बाजूला. रचनाकार इतके कडक झाले, की कडेन्झासुद्धा स्वतः लिहून द्यायला लागले. वादकाने मनाचं काही घुसडायचं नाही. आणि लोक मध्ये मध्ये टाळ्या वाजवून रंगाचा बेरंग करत, म्हणून काही रचनाकारांनी तिन्ही भाग एकमेकांना जोडूनच टाकले. मध्ये फटच ठेवली नाही!"

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी बोललो होतो. माइकवर. दोनशे साक्षीदार आहेत.

पुढे विसाव्या शतकावर मी दोन मिनिटं बोललो, त्यात नायक कोण आणि साथीदार कोण हेच कळेनासं झालं, आणि शेवटी मुद्द्यावर आलो. "तर मंडळी, एक विनंती. विनंती कसली, शिस्तच म्हणा. टाळी मी सांगेन तेव्हाच! मी पहिल्या रांगेत बसतोय. ही शाल आणि हा नारळ माझ्या मांडीवर असेल. तीन भाग पूर्ण झाले की मी शाल घेऊन उभा राहीन. त्याआधी कोणीही हात हलवायचा नाही. डास बसला तरी नाही."

आणि आमची मंडळी एरवी कोणाचं ऐकत नाहीत, पण त्या दिवशी ऐकायचं ठरवून आली होती. माझं नशीब!

सायली आली. भाषणाच्या शेवटी ती, परेरा सर आणि मुलं आत वाद्यं जुळवत होती, त्यामुळे टाळीचा नियम त्यांच्या कानावर गेलाच नव्हता. पांढरी साडी, चेहरा जरा उतरलेला. नजर मागच्या दारावर. बाबा आलेले नाहीत. परेरा सरांनी हात उचलला आणि ती वाजवायला लागली.

काय वाजवलंय पोरीने! मला खरंच भरून आलं. मध्येच साथ थांबली, ती एकटीच वाजवायला लागली. शेजारी बसलेले डॉक्टर घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मी बोट उंचावलं. "कडेन्झा!" त्यांनी मान डोलावली, आदराने. मग साथ परत आली, जोरात वाजलं, आणि एक सूर तसाच लांबत राहिला. त्यातून काहीतरी संथ, हळवं सुरू झालं. मी सुनंदाच्या कानात म्हटलं, "बघ, पहिल्याच भागात किती रंग दाखवतेय!" मग पुन्हा लगबग, बोटं दिसेनाशी झाली. मी म्हटलं, "पहिला भाग फारच मोठा आहे हं." ती म्हणाली, "नक्की पहिलाच ना?" मी नुसता हसलो.

धाड्कन सगळं थांबलं. सायलीने गज खाली केला. वाकून नमस्कार केला.

शांतता!

दोनशे माणसांनी आपले चारशे हात आवरून धरले होते. सगळ्यांच्या नजरा माझ्या मांडीवरच्या शालीवर. मी तोंडावर बोट ठेवून मागे वळलो आणि सगळ्यांना डोळ्यांनीच शाबासकी दिली.

आणि तेवढ्यात मागून टाळी! एकट्याची. कडाकड!

मी ताडकन उठलो. शाल मात्र खाली ठेवून, तेवढं भान होतं. बघतो तर ढोबळे! उशिरा आलेले, दाराशी उभे, माझं भाषण ऐकलेलं नाही, दोन्ही हात डोक्याच्या वर, डोळ्यांत पाणी. आणि मी, मी ओरडलो हो, "ढोबळे, बसा खाली! फक्त पहिला भाग झालाय!"

ढोबळ्यांचे हात तसेच वर राहिले. मग ते खुर्ची शोधून बसले. एवढा कडक अधीक्षक, पण बसले!

सायलीला काही कळेना. मी तिला हाताने खूण केली. चालू दे बाळ, चालू दे! तिने परेरा सरांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. दोघांत काहीतरी कुजबुज झाली, मुलांनी पानं उलटी फिरवली, आणि ती मघाचीच लगबग पुन्हा सुरू झाली.

"दुसरा भाग संथ असतो म्हणालात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हल्ली जलद घेतात," मी म्हटलं. माणसाने खोटं बोलावं तर असं ठाम बोलावं!

ते संपलं. पुन्हा नमस्कार. पुन्हा शांतता, आणि आता तर आधीपेक्षा कडक, कारण ढोबळ्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मी सायलीला एक बोट दाखवलं. आता फक्त एक राहिला.

आणि मला ती पदराने डोळे टिपताना दिसली. तिला वाटलं, आवडलंच नाही कोणाला. इतक्या वर्षांचं व्हायोलिन, समोर वडील, आणि एक टाळी पडत नाही. एक पडली तीही कोणीतरी खाली बसवली. त्या क्षणी काहीतरी चुकतंय असं मला वाटलं. पण काय ते मात्र अजून कळत नव्हतं!

परेरा सर माइककडे आले. अतिशय नम्र माणूस. म्हणाले, "सर, कंचेर्टो ख़त्म हो गया. आख़िरी हिस्सा तो हमने दो बार बजा दिया. अब हमारे पास और कुछ है नहीं."

"और बाकी के दो भाग?"

"सर, वो तीनों जुड़े हुए हैं. बीच में रुकते नहीं. अभी-अभी आप ही ने तो समझाया था!"

जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात, ती सगळी पुराणातली गोष्ट. इंद्रपुरीची जमीन ढिम्म हलली नाही. मी घाईने शालीला हात घातला, तर हातात नारळ आला. शेवटी सुनंदाने माझ्या बाजूची शाल उचलली, उभी राहिली आणि झेंड्यासारखी डोक्यावर धरली.

मग जो कडकडाट झाला! तुंबलेल्या टाळ्या होत्या त्या. थांबता थांबेनात. सायली रडता रडता हसायला लागली. लोक उठून उभे राहिले. फक्त एक माणूस वाजवत नव्हता. ढोबळे. ते मधल्या वाटेने सरळ माझ्याकडे चालत येत होते. मी नारळ गुपचूप खुर्चीखाली सरकवला.

"ढोबळे," मी हात जोडले, "चूक सगळी माझी. पोरीला शिक्षा देऊ नका. तो बँकेचा फॉर्म..."

"कशाचा फॉर्म?" ते म्हणाले. "दातार साहेब, दोनशे लोक असे मख्ख बसले असताना मी असतो तर व्हायोलिन तिथंच टाकून घरी पळालो असतो. हे पोरगी पुन्हा उभी राहून वाजवून राहिली! तिला कोण अडवते आता? जाऊ दे मुंबईले."

सायली परीक्षेला गेली आणि पहिल्याच फटक्यात प्रवेश मिळवून आली. पेढे घेऊन घरी आली तेव्हा म्हणाली, "काका, समोर तीन परीक्षक होते, एकदम पत्थर! हसत नाहीत, मान हलवत नाहीत. बाकीच्या मुली बाहेर येऊन रडत होत्या. मला काहीच वाटलं नाही. मी मनात म्हटलं, दोनशे पाहिलेत, हे तीन काय!"

मी सुनंदाकडे वळलो. "ऐकलंस? म्हणजे प्रवेश मिळाला तो माझ्यामुळे!" सुनंदाने माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

आता पुढच्या महिन्यात सायलीचा मुंबईत पहिला मोठा कार्यक्रम आहे. परवाच फोन आला. "काका, तुम्हाला यायचंच आहे. तुमची सीट बाबांच्या शेजारी ठेवलीय."

मी खूश! म्हटलं, "उत्तम. ढोबळ्यांना समजावून सांगायला कोणीतरी जाणकार हवाच."

"नाही काका," ती म्हणाली, "बाबा टाळी वाजवतील ना, तेव्हा तुम्ही वाजवा."