डॉक्टरसाहेबांचं सभागृह

अमेरिकेत एकदाही पाय न ठेवलेला, आणि तरीही तिथल्या विधानसभेतून पन्नास वर्षं बाहेर न पडलेला माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो लंडनजवळ पिनरमध्ये आमच्या मागच्या रस्त्यावर राहत होता. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत, मीही तेच म्हणते. माझ्या यजमानांची आणि त्यांची जुनी ओळख. डॉक्टरीणबाई गेल्या तेव्हा त्यांची मुलगी लेस्टरहून मला भेटायला आली. ती तिथल्या इस्पितळात मोठी डॉक्टर आहे, जन्म इथलाच. मला म्हणाली, "काकू, बाबांचा जेवण तुम्ही बघाल का? ही इज लिव्हिंग ऑन टोस्ट." तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार मी त्यांच्याकडे पोळी-भाजी करायला जाऊ लागले आणि कसलीही निवडणूक न लढवता विधानसभेत जाऊन बसले.

त्याचं असं झालं होतं. तरुणपणी वेल्समधल्या एका इस्पितळात नोकरीला असताना त्यांनी चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून एक जाडजूड पुस्तक आणलं. वाचायला नव्हे, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली द्यायला. अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याच्या विधानसभेचं एक अधिवेशन, शंभरएक वर्षांपूर्वीचं, त्याची रोजच्या रोज केलेली नोंद होती ती. त्या राज्याचं नाव मला कधीच धड म्हणता आलं नाही. कोण उठलं, कोण काय बोललं, कोणी हो म्हटलं, कोणी नाही, एवढंच त्यात. ना गोष्ट, ना चित्र. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी सहज म्हणून ते टेबलाखालून काढलं आणि पहिलं पान वाचलं. ते टेबल त्या दिवसापासून डुगडुगतं आहे. डॉक्टरीणबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "सवत आणली असती तर निदान कांदे तरी चिरले असते तिने."

त्या अधिवेशनातला प्रत्येक सभासद त्यांना घरच्यासारखा माहीत होता. एक खेचरांचा व्यापारी होता, एक दात काढणारा होता, आणि एक कोणीही काहीही मांडलं तरी "नाही" म्हणणारा होता. प्रार्थना लांबवू नये असा ठराव आला तेव्हासुद्धा त्याने नाहीच म्हटलं होतं. डॉक्टरसाहेब त्यांच्या तब्येतीही तपासत. "वहिनी, हा खेचरांवाला मधुमेही होता, मी लिहून देतो. एका भाषणात चार वेळा पाणी मागितलंय. कोणी त्याची लघवी तपासायला सांगितली असती तर अजून दोन अधिवेशनं काढली असती त्याने." आणि मग खरोखरच हळहळत बसायचे. मी पोळी लाटता लाटता विचार करायची, आपण तरी त्या माणसासाठी काय करणार. पण दुसऱ्या दिवशी मीच विचारायची, "काय हो, तो पाणी पिणारा आज आला का?"

त्या सभागृहाचे कायदेही ऐकण्यासारखे. गाडीच्या चाकाची धाव किती रुंद हवी, लांडगा मारला तर किती बक्षीस द्यायचं, सभागृहाला नव्या पिकदाण्या घ्यायच्या की जुन्याच घासून वापरायच्या. हॉटेलातली चादर नऊ फूट लांब असलीच पाहिजे, असं एक विधेयक त्यात आहे. डॉक्टरसाहेबांनी ते घरात लागू केलं. मुलीने आणलेल्या चादरी फुटपट्टीने मोजल्या आणि आखूड ठरवून परत पाठवल्या. मार्जरीनला लोण्यासारखा पिवळा रंग देऊ द्यावा की नाही, यावर तर ते लोक चार दिवस भांडले. मी म्हटलं, "आमच्या सासूबाईंनी वनस्पती तुपावरून सहा महिने भांडण केलं होतं. डबा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही." डॉक्टरसाहेब खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "वहिनी, ह्या बाई त्या सभागृहात हव्या होत्या! दुपारच्या आत निकाल लागला असता."

हळूहळू घरच सभागृह झालं. मी कोट काढून ठेवला की ते हजेरी घ्यायचे. मी "हजर" म्हणेपर्यंत चहा नाही. मग कपाटातल्या देवांपुढे हात जोडून, "आज सभागृहाला सुबुद्धी दे," एवढीच प्रार्थना. गुडघ्यावर मारून बघायची त्यांची जुनी हातोडी होती, ती अध्यक्षांची हातोडी. तिला पुढे रबर, त्यामुळे टेबलावर आपटली तरी आवाज यायचा नाही. म्हणून ते आपटता आपटता तोंडाने "ठक, ठक" म्हणायचे. भाजी काय करायची याचंसुद्धा विधेयक. त्याचं तीनदा वाचन व्हायचं. दुसऱ्या वाचनापर्यंत माझी फोडणी जळायची. मी म्हणायची, "डॉक्टरसाहेब, मोहरी थांबत नाही." ते म्हणायचे, "मोहरीने अध्यक्षांची परवानगी घ्यावी." जे त्यांना नको असेल ते समितीकडे जायचं. समिती म्हणजे पुढच्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण. काठी वापरा असं सांगणारं पत्र, कानाच्या यंत्राचं पत्र, कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची पत्रं, सगळी समितीकडे. "त्या राज्यातही असंच असायचं," ते डोळे मिचकावून सांगायचे. "समितीकडे गेलेलं परत येत नाही."

आमच्या मराठी मंडळाने मात्र त्यांचा धसका घेतला होता. एकदा गणपतीच्या तयारीची सभा होती. हॉलमध्ये वडे गरम गरम आलेले, चटणी वाटायला घेतलेली, आणि डॉक्टरसाहेब उभे राहिले. "अध्यक्षमहाराज, कोरम नाही." बोटाने माणसं मोजली, तर खरोखर दोघं कमी. मंडळाच्या घटनेत लिहिलं आहे म्हटल्यावर सेक्रेटरीला काही बोलता येईना. मग दोन मुली कार पार्कमध्ये धावल्या आणि गाडी लावत असलेल्या एका जोडप्याला ओढून घेऊन आल्या. ते जोडपं मंडळाचं नव्हतंच, शेजारच्या योगवर्गाला आलेलं गोरं जोडपं होतं. डॉक्टरसाहेबांनी त्यांना वडे खायला घातले आणि सभा तहकूब केली. मंडळातले लोक म्हणायचे, "यांना बोलावलं तरी पंचाईत, नाही बोलावलं तरी पंचाईत." पण त्यांना दरवर्षी बोलवायचे.

एका गोष्टीची त्यांना लाज वाटायची. त्या अधिवेशनात बायकांना मताचा हक्क द्यावा असं विधेयक आलं आणि पडलं. त्या पानाशी आले की ते पुस्तक मिटून ठेवायचे. म्हणूनच असेल, आमच्या सभागृहात त्यांनी नियम केला, की मतं बायकांचीच. मुलगी, नात आणि मी. अध्यक्षांनी मत द्यायचं नाही. मी सुरुवातीला नुसती मान हलवायची. ते चष्मा वर करून बघायचे. "वहिनी, मान नोंदवता येत नाही. हो की नाही?" मला इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. दोडक्याबद्दलच विचारायचे, पण विचारायचे.

गेल्या हिवाळ्यात गोष्टी बिघडायला लागल्या. एक दिवस दूध गॅसवर ठेवून ते वाचत बसले. भांडं जळलं, धुराची घंटा वाजायला लागली, आणि हे "सभागृहात शांतता राखा" म्हणत हातोडी आपटत बसलेले. शेजारच्या बाईंनी लेस्टरला फोन केला. त्यानंतर मुलीने समितीचा खण उघडला. त्यात इस्पितळाची तीन पत्रं निघाली, स्मरणशक्तीच्या तपासणीची. एकही फोडलेलं नव्हतं.

पण तिला कळलं ते एवढंच. मला आणखी एक माहीत होतं. त्याच महिन्यात एका मंगळवारी मी दुपारी जात असताना ते मला बसस्टॉपवर दिसले. अंगावर सूट, गळ्यात स्टेथोस्कोप, पायात घरातल्या सपाता, मोजे नाहीत. घोटे निळे पडले होते. मला बघून म्हणाले, "सिस्टर, माझी ओपीडी सुरू झाली असेल, बस का येत नाही?" निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, "आज ओपीडी बंद आहे, डॉक्टरसाहेब," आणि हाताला धरून घरी आणलं. पाय कोमट पाण्यात ठेवले. चहा पिऊन झाल्यावर मात्र त्यांनी मला नेहमीसारखं "वहिनी" म्हटलं आणि म्हणाले, "हे सभागृहाबाहेर नको." मी नको तर नको म्हटलं. मी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मुलगी आली, नातही आली. मलाही बोलावलं होतं. वरण-भात झाला आणि मुलीने विषय काढला. लेस्टरच्या घरात खालची खोली तिने बाबांसाठी करून घेतली होती, बाथरूमसकट. हे घर विकायचं.

"बाबा, आता तुमचा तब्येत एकट्याने राहण्यासारखा नाहीये."

"सभासदांनी अध्यक्षांना उद्देशून बोलावं," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"बाबा, प्लीज. धिस इज नॉट अ गेम."

"मी कुठे म्हणतोय गेम आहे? विधेयक मांड. पद्धतशीर."

मुलीने कपाळाला हात लावला. नात हसायला लागली आणि एकदम हसायची थांबली. शेवटी डॉक्टरसाहेबांनी स्वतःच कागद घेतला, लिहिलं, आणि उभं राहून वाचलं: पिनर येथील अध्यक्षांना लेस्टर येथे हलवण्याबाबत. तीनदा वाचलं. दर वेळी आवाज स्वच्छ. नातीने दुरुस्ती सुचवली, "आजोबाचं बुक बरोबर जाईल." ती मान्य झाली. मग हजेरी, मग मतं.

मुलगी म्हणाली, "हो."

नात म्हणाली, "नाही. सॉरी, ममा. घरी बघायला एक केअरर ठेवू. आजोबाला इथेच आवडतं."

एक हो, एक नाही. डॉक्टरसाहेब माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा इतका निश्चिंत होता की मला आजही तो डोळ्यांसमोरून हलवता येत नाही. निकाल लागल्यासारखा कागद त्यांनी घडी करायलासुद्धा घेतला होता. "वहिनी?"

मी नाही म्हटलं असतं तर सगळं राहिलं असतं. ते घर, तो चहा, दुपारी दोन तास कोणीतरी माझं मत विचारणं. ते सोडून माझ्या दिवसात फारसं काही नव्हतं, खोटं कशाला लिहू.

मी म्हटलं, "हो."

मग डॉक्टरसाहेब म्हणाले, "सदस्येला कारण नोंदवायचं असेल तर नोंदवता येईल. सक्ती नाही."

मला मोठं काही बोलता येत नाही. मी म्हटलं, "मंगळवारी थंडी होती. तुमच्या पायात मोजे नव्हते."

मुलीने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "बाबा, कुठे गेला होता?" नातीने तिचा हात धरला. डॉक्टरसाहेबांनी कागदाची घडी उलगडली, पेनने खाली लिहिलं, "मंजूर," आणि सही केली. हातोडी टेबलावर आपटली, पण तोंडाने ठक म्हणायचं राहून गेलं.

मला वाटलं होतं ते माझ्याशी बोलणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी गेले तर हजेरी घेतली, चहा दिला. सामान बांधायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत त्यांनी त्या रविवारचं नावही काढलं नाही. शेवटच्या दिवशी मी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते, तेव्हा जवळ येऊन बसले आणि अगदी गुपित सांगावं तसं म्हणाले, "वहिनी, एक नियम तुम्हाला सांगायचा राहिला. एकदा झालेल्या मतदानाचा फेरविचार करता येतो. पण जो हरला त्याला तो मागता येत नाही. जिंकणाऱ्या बाजूने ज्याने मत दिलं, त्यालाच मागता येतो."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे माझी नात कितीही रडली तरी उपयोग नाही. माझी लेक मागणार नाही. उरलात तुम्ही." आणि माझ्या हातातून कप घेऊन तो स्वतःच गुंडाळायला लागले. तो कप त्यांनी तीन कागदांत गुंडाळला.

आता ते लेस्टरला असतात. तब्येत सुधारली आहे, गाल भरलेत म्हणे. त्या गल्लीतल्या दोन गुजराती बायकांना त्यांनी सभासद करून घेतलंय. पण त्या दोघी एकदमच बोलतात आणि अध्यक्षांना खाखरा खायला लावून गप्प करतात, अशी तक्रार आहे. दर रविवारी अकरा वाजता ते मला फोन करतात. मेथी कशी मिळते, जावयाला शिस्त कशी नाही, पाणी पिणाऱ्याचं पान पुन्हा कसं आलं, सगळं सांगतात. आणि फोन ठेवायच्या आधी विचारतात, "वहिनी, फेरविचाराचा प्रस्ताव आहे का?" मी म्हणते, "आज नाही, डॉक्टरसाहेब." ते म्हणतात, "ठीक. नोंद केली." दर रविवारी 'आज नाही' म्हणताना मला तो शब्द गिळावासा वाटतो, आणि दर रविवारी मी म्हणते.

गेल्या रविवारीही फोन आला. पावसाबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले. मग नुसतेच थांबले. मी माझं 'आज नाही' तयार ठेवून वाट बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मला विचारायचं तुमचं काही राहिलं का?"

त्यांनी थोडा विचार केला. "नाही बुवा," ते म्हणाले. "तुम्ही जेवलात का, वहिनी?"