जरा माझ्या जागी बसा

आमच्या दुसऱ्या मजल्यावरचं बाथरूम गळायला लागलं आणि खालच्या भाडेकरूंच्या छताला ओल धरली, तेव्हा ते फोडून नव्याने लाद्या बसवण्यावाचून इलाज राहिला नाही. नवी मुंबईतल्या तळवली गावातलं हे घर बाबांनी बांधलेलं. तळमजल्यावर ते स्वतः, मधे भाडेकरू, वर मी आणि बायको. बायको सकाळी वाशीला बँकेत निघून जायची आणि मी वरच्या खोलीत टेबलाशी बसायचो. आमच्या कंपनीने महाप्याचं ऑफिस बंद करून सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं होतं. घरून काम म्हणजे लोळत काम, असा गावात समज होता आणि मीही तो कधी खोडला नाही.

खरी गोष्ट अशी होती की त्या खुर्चीतून मला उठता येत नव्हतं. परदेशातल्या विम्याच्या दाव्यांचे कागद तपासणं हे माझं काम. स्क्रीनवर माझ्या नावापुढे एक हिरवा ठिपका असायचा. तीन मिनिटं माउस हलला नाही की तो पिवळा व्हायचा, आणि दिवसभरात किती वेळ पिवळा होता ते कुठेतरी साठत जायचं. दुसऱ्या शहरात बसणारी माझी मॅनेजर, वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, रोज साडेअकराच्या कॉलवर ते मला वाचून दाखवायची. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला 'काल दुपारी तुम्ही कुठे होता?' असं विचारलं की काय वाटतं ते मी सांगत बसत नाही. कंपनीने मला दोन महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्यात सुधारणा दिसली नाही तर नारळ.

बायकोला हे माहीत होतं. बाबांना मात्र कळू द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. सरकारने शेतं घेतली त्या बदल्यात बाबांना ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत नोकरी मिळाली आणि तिथे त्यांनी तीस वर्षं कॉम्प्रेसर चालवला. त्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान गेले. कानाला यंत्र लावून देतो म्हटलं तर ते नको म्हणायचे, खूप ऐकून झालंय म्हणायचे. पोरगा खुर्चीत बसून काम करतो, एवढं एकच ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत. कधी वर यायचे, दारातून माझ्याकडे बघायचे. मी हेडफोन लावून 'येस, येस, शुअर' करत असायचो. त्यांना ऐकू काहीच यायचं नाही. पोरगा कुणालातरी काहीतरी महत्त्वाचं सांगतोय असं वाटून ते समाधानाने खाली जायचे. घराचं भाडं येत होतं, नोकरी गेली असती तरी कुणी उपाशी मेलं नसतं. पण बाबांचं ते दारात उभं राहून बघणं गेलं असतं, आणि त्याचीच मला धास्ती होती.

मिस्त्री परभणीकडचा होता. पन्नाशीच्या आतबाहेरचा, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने लादी कापायचं कटर चालू केलं आणि कॉलवरच्या सगळ्यांनी कान झाकून घेतले. मग आमचं ठरलं. मी हात वर केला की त्याने कटर बंद करायचं. झालं असं की माझे कॉल वाढले आणि त्याचं काम वारंवार अडू लागलं. तो बाथरूमच्या उंबऱ्याशी पालथ्या बादलीवर बसून राहायचा आणि माझं बोलणं ऐकायचा. मॅनेजर हिंदीतून बोलायची, आणि रागावली की आवाज हेडफोनच्या बाहेर यायचा. बाबांपासून जे मी लपवत होतो ते या परक्या माणसाने दोन दिवसांत फुकटात ऐकलं.

मला त्याचा हेवा वाटायचा, हे कबूल करतो. सकाळी उघडी भिंत असायची, संध्याकाळी तिच्यावर पाच रांगा चढलेल्या. लादी बसवली की तो थापीच्या मुठीने ठोकून बघायचा. पोकळ वाजली तर उपटून पुन्हा बसवायचा, भरीव वाजली तर तिच्याकडे परत बघायचा नाही. मी त्याला एकदा म्हणालोही की तुमचं बरं आहे, काम झालं की दिसतं. त्याने पँट वर सरकवून मला गुडघे दाखवले. काळेठिक्कर, टाचेसारखी जाड कातडी. रात्री पाय सरळ होत नाहीत म्हणाला. मला आपल्या बोलण्याची शरम वाटली आणि मी उगाच चहा आणायला उठलो. ठिपका पिवळा झालाच.

त्याचंही माझ्याबद्दल मत होतंच. पहिल्या दिवशी त्याला वाटलं होतं, साहेब मजेत आहेत, पंख्याखाली बसून गप्पा मारतात. तिसऱ्या दिवशी सिमेंट कालवता कालवता तो म्हणाला, आमचा ठेकेदार दिवसातून एकदा येतो, ओरडून जातो, मग दिवसभर आम्ही आमचे राजे. तुमचा तर इथंच बसून असतो. मी म्हटलं, बघा, असं असतं आमचं. तेव्हा तो जे बोलला ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

"माजी लेक बारावी झालीय साहेब. तुमच्या कंपनीत हाय का काई तिच्यासाटी?"

इतकं ऐकूनही? मी विचारलं. तो म्हणाला, बोलणी काय, आम्हालाही बसतातच, ती निदान बसून तरी खाईल. मी चौकशी करतो म्हणालो. चौकशी करण्याइतकी माझी तिथे पत नव्हती, हे त्याला माझ्याइतकंच माहीत असणार. तरी त्याने मान हलवली आणि थापी उचलली.

आता मुख्य अडचण सांगतो. संडास त्याच बाथरूममध्ये, आणि तो फोडलेला. म्हणजे प्रत्येक वेळी दोन जिने उतरून बाबांकडे जायचं. तिथे बाबा हमखास गाठायचे. पाणी आलं का, मिस्त्री कसा आहे, आणि प्रत्येक उत्तर दोनदा ओरडून द्यायचं. वर येईपर्यंत आठ-दहा मिनिटं सहज जायची. चौथ्या दिवशी मॅनेजरने पिवळ्या वेळेचा आकडा वाचला आणि म्हणाली की असंच चाललं तर दोन महिने थांबायची गरज नाही. मी पाणी पिणं कमी केलं. सकाळचा चहा सोडला. पाचव्या दिवशी दुपारी मात्र काही केल्या राहवेना, तेव्हा मी मिस्त्रीला म्हणालो, जरा माझ्या जागी बसा.

त्याने हात धुतले, पँटला पुसले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, जणू ती ओली होती. माउस कसा हलवायचा ते मी दाखवलं. काही दाबायचं नाही, नुसतं इकडून तिकडे. एवढंच? त्याने विचारलं. एवढंच, मी म्हटलं आणि पळालो. परत आलो तर तो एका बोटाने माउस ढकलत होता, नजर ठिपक्यावर. उठताना त्याने हुश्श केलं. लादी लावताना निदान इकडंतिकडं बघता येतं, असं म्हणून तो कामाला लागला. त्या दिवसापासून तो रोज दोन-तीनदा माझ्या जागी बसू लागला. माउसवर सिमेंटचा पांढरा थर जमला. माझा पिवळा वेळ कमी झाला आणि सुधारणा दिसतेय म्हणून मॅनेजरने माझं कौतुक केलं.

मिस्त्री दुपारचा डबा खाली बाबांच्या ओट्यावर बसून खायचा. दोघांचं जमलं होतं, कारण मिस्त्रीचा आवाज मोठा होता. आठव्या दिवशी त्याने बाबांना गंमत म्हणून सगळं सांगितलं. मामा, मी पण कंपनीत लागलो, तुमच्या पोराच्या जागी बसतो. बाबा आधी खूप हसले म्हणे. मग त्यांनी विचारलं की माझ्या पोराला का उठता येत नाही. आणि मिस्त्रीने, मनात काही नसताना, तेही सांगितलं. रोज किती बोलणी बसतात तेही.

बाबा दोन जिने चढून वर आले. मी स्क्रीनकडे बघत होतो, मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. मिस्त्री सांगतो ते खरं का, असं त्यांनी विचारलं. मी हळू आवाजात म्हणालो की तसं काही नाही. त्यांनी कानामागे हात धरला. माइक बंद आहे ना हे मी दोनदा पाहिलं, आणि मग मला ते ओरडून सांगावं लागलं. की माझ्यावर नजर ठेवतात. की मला दोन महिन्यांची मुदत दिलीय. की मला लघवीला जायची भीती वाटते. बाथरूममधली ठोकाठोक थांबली होती. खालच्या भाडेकरूंनीही ऐकलं असणार. आपली नामुष्की कुणी इतक्या मोठ्याने सांगत नाही, पण आमच्या घरात दुसरी सोयच नव्हती.

बाबा पलंगावर टेकले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो. ते सांगू लागले की कॉम्प्रेसर सोडून जाता यायचं नाही. दर तासाला वहीत रीडिंग लिहायचं, आणि आपल्या जागी बसणारा, म्हणजे रिलीव्हर, आला की मगच उठायचं. एकदा रिलीव्हर आलाच नाही तर सलग तीन पाळ्या ते तिथेच होते. समोर ऑफिसची खिडकी होती. तिथली माणसं वाटेल तेव्हा उठायची, चहाला जायची, हसत यायची. त्या खिडकीकडे बघत त्यांनी ठरवलं होतं की पोराला तिकडे बसवायचं. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला इतकी वर्षं वाटायचं की त्यांना खुर्चीचा रुबाब हवा होता.

"तुजा रिलीव्हर कोन हाय?" त्यांनी विचारलं.

कोणी नाही, मी ओरडून म्हटलं.

"मंग सोर ही नोकरी. भारं येते ना घराचं. मना काय वाटंल म्हून बसू नको."

ज्याच्यासाठी मी सगळं सोसतोय असं मला वाटत होतं, त्याच माणसाने एका वाक्यात मला मोकळं केलं होतं. त्या क्षणी उठायला हवं होतं. माझा हात माउसवर होता आणि तो हलत होता, कारण बाबा बोलत असताना अडीच मिनिटं होऊन गेली होती. मला भयंकर घाबरायला झालं. सोडून करायचं काय, सकाळी कुठे बसायचं, लोकांना काय सांगायचं, यातलं काहीच मला सुचेना. बाबांचं निमित्त होतं तोवर हे प्रश्न पडलेच नव्हते. मी ओरडून म्हणालो, बघतो.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्यासाठी त्या खुर्चीत बसलो नव्हतो हे त्यांना, मला वाटतं, माझ्या आधी कळलं. पुन्हा सोड म्हणाले नाहीत. उठून माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऊठ. जेवून ये. मी बसतो."

मी उठलो. ते बसले, पाठ ताठ, माउस पूर्ण मुठीत धरून. खाली जाऊन मी त्यांच्याच स्वयंपाकघरात ताट वाढून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी निवांत जेवलो. वर आलो तेव्हा अर्धा तास झाला होता. बाबांनी ठिपक्यावरची नजर न काढता मला सांगितलं की एकदाही पिवळा झाला नाही. त्यांच्या आवाजात समाधान होतं. सत्तरी पार केलेल्या, केव्हाच कामातून सुटलेल्या माणसाला मी पुन्हा पाळीवर लावलं होतं, आणि माझ्या पोटात गरम जेवण होतं. माझी मलाच किळस आली.

दुसऱ्या दिवशी बरोबर एक वाजता ते धुतलेला शर्ट घालून वर आले. मी उठलो आणि त्यांना जागा करून दिली.